म्यूजस्कोरमध्ये टाय आणि स्लर नीट बसवताना

भातखंडे पद्धतीची स्वरलिपी ज्यांनी वाचली आहे, त्यांना कमान नवी नाही. स्वरांच्या वर काढलेली कमान मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) दाखवते, स्वरांच्या खाली काढलेली कमान एका मात्रेत किती स्वर बसवायचे ते सांगते आणि स्वर लांबवायचा असेल तर त्याच्यापुढे आडवी रेघ येते. पाच रेषांवर लिहिल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये मात्र स्वर लांबवण्याचे कामही कमानच करते आणि वेगवेगळे स्वर एकमेकांना जोडण्याचे कामही कमानच करते. पहिल्या कमानीला टाय म्हणतात, दुसरीला स्लर. कागदावर त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण टाय एकाच उंचीच्या दोन लगतच्या नोटा जोडून त्यांचा एकच लांब स्वर करतो, तर स्लर कितीही नोटांवरून जाऊ शकतो आणि त्या न तोडता वाजवा किंवा गा, एवढेच सांगतो. व्हायोलिनवादक त्या साऱ्या नोटा एका बोमध्ये, म्हणजे गजाच्या एका फेरीत, घेतो, बासरी किंवा क्लॅरिनेट वाजवणारा फक्त पहिल्या नोटेला जीभ लावतो आणि गायकासाठी तीच कमान एका अक्षरावर किती स्वर येतात ते दाखवते.

संगणकावर स्टाफ लिहिणाऱ्या पुष्कळ जणांना नोटा, ताल आणि शब्द पटकन जमतात; कमानी मात्र शेवटपर्यंत छळतात. याचे एक कारण या कलेच्या इतिहासातच आहे. युरोपात धातूच्या पत्र्यावर संगीत कोरले जात असे तेव्हा नोटांची डोकी, क्लेफ (स्टाफच्या सुरुवातीचे चिन्ह) आणि शार्प-फ्लॅट (स्वर चढवण्या-उतरवण्याच्या खुणा) यांचे तयार ठसे असत आणि ते हातोडीने पत्र्यात उमटवले जात. स्लर आणि टाय यांचा असा ठसा करणे शक्य नव्हते, कारण प्रत्येक कमानीची लांबी, चढ आणि फुगवटा निराळा असतो. त्या कारागीर कोरणीने, हाताने, एकेक करून कापत असे. म्यूजस्कोरसारख्या स्वरलेखनाच्या प्रोग्रामला आज तेच काम गणिताने करावे लागते. बहुतेक वेळा ते चांगले होते, पण काही ठिकाणी माणसाची नजर लागतेच. ती नजर कुठे लावायची आणि कुठे मुळीच लावायची नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. वर्णन म्यूजस्कोरच्या ४ या मालिकेला धरून आहे. जिथे कंट्रोलची कळ म्हटली आहे, तिथे मॅक वापरणाऱ्यांनी कमांडची कळ समजावी.

आधी ओळख पटवा

कोणतीही कमान ओढायला घेण्यापूर्वी ती खरोखर टाय आहे की स्लर, हे पाहावे. कमानीवर क्लिक करून एफ ८ दाबले की उघडणाऱ्या प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये निवडलेली वस्तू कोणती आहे, ते लिहिलेले असते. ही खबरदारी अनावश्यक वाटण्याचा संभव आहे, म्हणून माझा एक अनुभव सांगते. व्हायोलिनच्या एका गटासाठी मिळालेल्या फाइलमध्ये दोन बारमधून (बार म्हणजे दोन उभ्या रेषांमधला तालाचा भाग) जाणाऱ्या लांब नोटा कमानीने जोडलेल्या होत्या आणि छापील प्रतीवर त्या निर्दोष दिसत होत्या. संगणकावर ऐकताना मात्र प्रत्येक लांब स्वर बारच्या सुरुवातीला पुन्हा नव्याने वाजे. लिहिणाऱ्याने टायऐवजी सगळीकडे स्लर घातले होते आणि प्रोग्रामने सांगितल्याप्रमाणे दोन स्वतंत्र नोटा वाजवल्या होत्या. सारख्याच उंचीच्या दोन नोटांवर स्लर दिसला तर वादकही गोंधळतो, कारण काही संदर्भांत, उदाहरणार्थ वर टिंब किंवा आडवी रेघ असलेल्या नोटांवर, तो एकाच बोमध्ये दोनदा वाजवण्याची खरी सूचना असू शकतो.

अशी फाइल हाती आली तर एका स्लरवर उजवे क्लिक करावे, ‘सिलेक्ट’मध्ये जाऊन त्याच प्रकारच्या साऱ्या वस्तू निवडाव्यात आणि त्या पानावर रंगाने उठून दिसू लागल्या की कोणते स्लर समान उंचीच्या लगतच्या नोटांवर आहेत ते डोळ्यांनी टिपून घ्यावे. मग तेवढेच पुसून, पहिली नोट निवडून टी दाबावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण आकार सुधारण्याच्या आधीच करावे लागते. चुकीच्या जातीच्या कमानीला सुंदर वळण देण्यात काहीही अर्थ नाही.

घालतानाच बरोबर घाला

नोटा लिहून झाल्यावर टाय घालायचा असेल तर पहिली नोट निवडून टी दाबले की पुढच्या त्याच उंचीच्या नोटेपर्यंत टाय जातो. नोटा लिहिण्याच्या मोडमध्ये असताना आधी पुढच्या नोटेचा कालावधी निवडून टी दाबल्यास प्रोग्राम त्याच उंचीची नवी नोट घालून ती मागच्या नोटेला टायने जोडतो. लांब स्वर बाररेषेच्या पलीकडे नेताना दुसरी पद्धत हाताला फार सोयीची पडते. कॉर्डच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या नोटांच्या गटाच्या, बाबतीत लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की टाय हा प्रत्येक नोटेचा स्वतंत्र असतो. तीन नोटांच्या कॉर्डमधली एकच नोट निवडून टी दाबले तर एकच टाय येतो आणि उरलेल्या दोन नोटा पुन्हा वाजतात. पूर्ण कॉर्ड लांबवायची असेल तर तिन्ही नोटा निवडाव्या लागतात. स्लर मात्र कॉर्डला एकच पुरतो.

स्लरसाठी पहिली नोट निवडावी, शिफ्ट दाबून शेवटच्या नोटेवर क्लिक करावे आणि एस दाबावे. दोन टोकांच्या नोटा वेगळ्या व्हॉइसमध्ये (एकाच स्टाफवरच्या स्वतंत्र स्वरओळीत) किंवा पियानोच्या वेगळ्या स्टाफवर असतील तर शिफ्टऐवजी कंट्रोल दाबून फक्त त्या दोन नोटा निवडाव्यात आणि मग एस दाबावे. लिहिता लिहिता स्लर घालायचा असेल तर सुरुवातीच्या नोटेवर एस, पुढच्या नोटा आणि संपवताना पुन्हा एस, असा क्रम आहे.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक स्लर दोन विशिष्ट नोटांना बांधलेला असतो आणि कागदावर दिसणारी कमान ही त्या बांधणीवरून काढलेली आकृती असते. समजा, चार नोटांचा स्लर चुकून तीनच नोटांवर पडला. अनेक जण अशा वेळी कमानीचे उजवे टोक माऊसने धरून चौथ्या नोटेपर्यंत ओढतात. दिसायला काम फत्ते होते, पण स्लर अजून तिसऱ्या नोटेलाच बांधलेला राहतो. ओढली गेली ती फक्त शाई. पुढे बारची रुंदी बदलली, कागदाचा आकार बदलला किंवा चौथी नोट पुढच्या ओळीत गेली, की ते ओढलेले टोक अधांतरी लोंबकळताना दिसते. फाइल म्यूझिक एक्सएमएलच्या रूपात दुसऱ्या प्रोग्रामकडे पाठवली तर तिथेही स्लर तिसऱ्याच नोटेवर संपतो. म्हणून टोक दुसऱ्या नोटेवर न्यायचे असेल तेव्हा स्लर निवडून त्याच्या टोकाच्या हँडलवर (धरून हलवण्याच्या छोट्या खुणेवर) क्लिक करावे आणि शिफ्टसह उजवा किंवा डावा बाण दाबावा. असे केल्याने बांधणीच पुढच्या किंवा मागच्या नोटेवर सरकते आणि कमान आपोआप नव्याने काढली जाते. शिफ्टशिवाय नुसता बाण दाबला तर बांधणी तशीच राहून टोक तेवढे थोडे हलते. हा फरक एकदा अंगवळणी पडला की कमानींच्या निम्म्या तक्रारी राहत नाहीत.

दिशा

एकाच व्हॉइसमध्ये टाय आणि स्लर सामान्यतः नोटांच्या दांडीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे नोटांच्या डोक्यांकडून जातात. दांड्या वर असतील तर कमान खाली, दांड्या खाली असतील तर कमान वर. स्लरच्या पोटात काही दांड्या वर आणि काही खाली असल्या तर स्लर वरून घेतात. एका स्टाफवर दोन व्हॉइस असतील तर हा नियम बाजूला पडतो आणि वरच्या व्हॉइसच्या कमानी वर, खालच्या व्हॉइसच्या खाली जातात. हे सारे प्रोग्रामला ठाऊक असते.

दिशा चुकीची वाटली तर कमान निवडून एक्स दाबावे, ती उलटते. पण एक्स दाबण्यापूर्वी प्रोग्रामने ती दिशा का घेतली असेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा. माझ्या कामात अशा काही कमानींमागे एखाद्या बारमध्ये चुकून राहिलेला दुसरा व्हॉइस सापडतो: लपवलेले विराम, किंवा दुसऱ्या व्हॉइसमध्ये लिहिली गेलेली एखादी नोट. तो व्हॉइस काढून टाकला की दांड्या आणि कमानी दोन्ही आपोआप जागेवर येतात. कारण न शोधता दहा ठिकाणी एक्स दाबून ठेवले तर तीच दहा ठिकाणे नंतर नोटा बदलल्यावर पुन्हा उलटी दिसतात, कारण हाताने दिलेली दिशा प्रोग्राम स्वतःहून बदलत नाही. अशा वेळी प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये दिशा पुन्हा ‘ऑटो’ करावी.

टाय लागलेल्या नोटेवरून स्लर सुरू होतो तेव्हा

एक नमुना जवळून पाहू. चार-चार तालातील बार आहे. चौथ्या मात्रेवर तिसऱ्या फटीतला सी लिहिला आहे आणि तो टायने पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवरच्या सीला जोडला आहे. त्यानंतर डी, ई आणि एफ येतात आणि व्हायोलिनवादकाने हे सर्व एका बोमध्ये घ्यावे, अशी इच्छा आहे. नवशिका बहुधा स्लर दुसऱ्या बारच्या सीवरून सुरू करतो, कारण पहिल्या सीवरून टाय निघालेलाच असतो आणि एकाच नोटेवर दोन कमानी कशाला, असे त्याला वाटते. परंतु टायने जोडलेल्या दोन नोटा हा एकच स्वर आहे आणि बो त्या स्वराच्या आरंभीच सुरू झालेला आहे. म्हणून स्लरही पहिल्या सीवरूनच सुरू झाला पाहिजे. शेवटाकडेही हाच न्याय लागतो: स्लर ज्या स्वरावर संपतो तो टायने लांबलेला असेल तर स्लरचे टोक टायच्या शेवटच्या नोटेवर असावे. स्लर मधूनच सुरू झालेला पाहिला की अनुभवी वादक तिथे बो बदलायचा आहे असे समजतो आणि त्याची समजूत रास्तच असते.

नियम पाळून लिहिले की या बारमध्ये सीच्या वर दोन कमानी येतात. या सगळ्या नोटांच्या दांड्या खाली असल्याने टायही वर जातो आणि स्लरही वर जातो. टाय नोटेच्या जवळ, आखूड आणि चपटा. स्लर त्याच्या बाहेरून, उंच. म्यूजस्कोर स्लरचे टोक टायपासून थोडे दूर ठेवण्याचा प्रयत्न करतो, तरी बार अरुंद असला तर दोघांची टोके एकमेकांना चिकटलेली दिसू शकतात. इथे उपाय दोन आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला उपाय बारला जागा देण्याचा: बार निवडून फॉरमॅट मेनूतील स्ट्रेचने तो थोडा रुंद करावा, किंवा ओळीत एक बार कमी ठेवावा. त्याने भागले नाही, तरच दुसरा उपाय म्हणजे स्लरच्या डाव्या हँडलवर क्लिक करून वरचा बाण दोन-तीन वेळा दाबावा.

स्लर निवडला की त्यावर सहा हँडल दिसतात. दोन टोकांना दोन. कमानीच्या फुगवट्याकडे, डाव्या आणि उजव्या खांद्याशी दोन. यांनी वळण ठरते. त्या दोघांच्या मध्ये एक, जे ओढल्यावर दोन्ही खांदे एकत्र हलतात आणि कमान जास्त उंच किंवा जास्त चपटी होते. सहावे हँडल पूर्ण कमान उचलून हलवते. कमान आत कशी बनते तेही थोडे समजून घ्यावे. टोकांचे दोन बिंदू आणि खांद्यांचे दोन बिंदू, अशा चार बिंदूंवरून एक वक्र काढला जातो; वक्र टोकांच्या बिंदूंतून जातो, खांद्यांच्या बिंदूंना मात्र तो स्पर्श करत नाही, त्यांच्याकडे नुसता ओढला जातो. म्हणूनच खांदा बराच वर नेला तरी कमान त्या मानाने कमी वर जाते आणि एका बाजूचा खांदा टोकाच्या फार जवळ आणला तर तिथे कमान एकदम उभी चढते, एखाद्या घाटाच्या चढासारखी. चांगल्या स्लरचा चढ हळूहळू असतो. तो नोटांच्या रांगेच्या ओघाबरोबर थोडा कलतो, मात्र नोटा जितक्या चढतात तितका कलत नाही.

माऊसने ओढण्यापेक्षा हँडल निवडून बाणांच्या कळा वापराव्यात. नुसत्या बाणाने हँडल ०.१ स्पेस एवढे सरकते आणि कंट्रोलसह बाणाने १ स्पेस. इथे स्पेस म्हणजे स्टाफच्या दोन लगतच्या रेषांमधले अंतर. स्टाफ मोठा-लहान केला तरी मोजमाप त्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे एकदा जमलेली नजर सगळीकडे उपयोगी पडते. टॅब दाबून एका हँडलवरून दुसऱ्यावर जाता येते. केलेले सारे रद्द करून कमान मूळ रूपात हवी असेल तर ती निवडून कंट्रोल आणि आर दाबावे. मात्र पूर्ण स्कोअर (सगळी लिपी) निवडलेला असताना हीच कळ दाबली तर आतापर्यंत हाताने केलेली सगळी जुळवाजुळव पुसली जाते, म्हणून दाबण्यापूर्वी काय निवडले आहे ते पाहावे.

टायची नजर वेगळी

टाय आखूड असल्यामुळे त्यात दोष लपत नाही. त्याची टोके नोटेच्या डोक्याला टेकू नयेत, पण इतकीही दूर नसावीत की टाय कुणाचा आहे असा प्रश्न पडावा. टायचा सर्वांत उंच भाग स्टाफच्या रेषेवर नेमका आडवा पडला तर त्या ठिकाणी रेषा जाड झाल्याचा भास होतो आणि टाय रेषेत विरून जातो. तो भाग दोन रेषांच्या मधल्या फटीत असावा किंवा कमानीने रेषा स्पष्टपणे ओलांडलेली असावी. प्रोग्राम हे बहुतेक वेळा स्वतः सांभाळतो. पण एखादा टाय हाताने ०.१ किंवा ०.२ स्पेसने हलवल्यावर नेमका हाच दोष निर्माण होतो, म्हणून टायला हात लावताना पान ४०० टक्के मोठे करून पाहावे.

कॉर्डमधल्या टायचा संकेत असा की सर्वांत वरच्या नोटेचा टाय वर फुगतो आणि सर्वांत खालच्या नोटेचा खाली. मधल्या नोटांचे टाय स्टाफच्या मध्यरेषेच्या ज्या बाजूला नोट आहे, त्या बाजूला झुकतात. कॉर्डमध्ये बी आणि सीसारख्या शेजारच्या दोन नोटा असतील तर त्यांचे टाय एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असणे आवश्यक आहे, नाहीतर दोन टाय एकमेकांवर चढून त्यांचा एकच जाड पट्टा दिसतो.

फॉरमॅट मेनूतून स्टाइलची खिडकी उघडून त्यात स्लर आणि टाय यांच्या पानावर गेले की दोघांची जाडी, टायची किमान लांबी आणि टाय नोटांच्या आतून काढायचे की बाहेरून, हे ठरवता येते. ‘आतून’ म्हणजे टाय दोन नोटांच्या डोक्यांच्या मधल्या जागेत बसतो. ‘बाहेरून’ म्हणजे तो डोक्यांच्या वरून किंवा खालून निघतो. एकट्या नोटांसाठी आणि कॉर्डसाठी ही निवड वेगवेगळी करता येते. माझी पसंती एकट्या नोटांना बाहेरून आणि कॉर्डला आतून अशी आहे, कारण कॉर्डमध्ये बाहेरचे टाय शार्प-फ्लॅटच्या चिन्हांमध्ये आणि टिंबांमध्ये घुसतात. निवड कोणतीही असो, ती स्टाइलमध्येच करावी, म्हणजे पूर्ण स्कोअरमध्ये ती एकसारखी लागू होते. टाय अतिशय आखूड होऊन टिंबासारखे दिसत असतील तर एकेक टाय ताणत बसू नये. किमान लांबीचा आकडा वाढवला की नोटांमधले अंतर प्रोग्राम स्वतः वाढवतो.

कमान आणि इतर चिन्हे

स्टॅकाटोचे (तोडून वाजवण्याचे) टिंब आणि टेन्युटोची (पूर्ण लांबी धरण्याची) आडवी रेघ नोटेला चिकटून असतात, त्यामुळे ती स्लरच्या आत राहतात. फर्माटा (स्वरावर थांबण्याची खूण) आणि ट्रिल (दोन स्वरांच्या जलद कंपनाची खूण) स्लरच्या बाहेर असतात. अॅक्सेंटची (जोर देण्याची) खूण स्लरच्या टोकापाशी आली तर ती आत किंवा बाहेर दोन्ही ठिकाणी चालते. एका स्कोअरमध्ये एकच पद्धत ठेवावी, एवढे पुरे. ट्रिपलेटचा (तीन नोटांच्या गटाचा) आकडा स्लरच्या बाजूलाच आला तर आकडा आत आणि स्लर बाहेर. दोघांची गर्दी फार झाली तर स्लरला छेडण्याऐवजी आकडा निवडून एक्सने दुसऱ्या बाजूला पाठवणे हा सोपा मार्ग असतो.

गाण्याच्या लिपीत एक निराळी अडचण येते. अनेक कडव्यांच्या रचनेत पहिल्या कडव्यात दोन स्वरांवर एकच अक्षर येते आणि दुसऱ्या कडव्यात त्याच दोन स्वरांवर दोन अक्षरे येतात. आपल्याकडील अभंग किंवा ओव्या समूहगायनासाठी स्टाफवर लिहिताना हे सतत घडते, कारण ओवीच्या चरणातील अक्षरांची संख्या काटेकोर नसते. अशा ठिकाणी स्लर निवडून प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये रेषेचा प्रकार तुटक करावा. तुटक स्लर म्हणजे ‘काही कडव्यांपुरता’ हे गायकाला कळते. जुन्या हस्तलिखितावरून नवी प्रत करताना मूळ लेखकाचे स्लर अखंड आणि संपादकाने आपल्या समजुतीने घातलेले स्लर तुटक, हाही मान्य संकेत आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतासाठी गोव्याच्या संगीतकारांनी, त्यांत अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही ठळक नावे, हाताने लिहिलेल्या स्टाफची परंपरा मोठी आहे. त्या तऱ्हेची जुनी पाने आज कुणी संगणकावर उतरवत असेल, तर वादकाने नंतर पेन्सिलीने घातलेले बो आणि मूळ स्लर यांतला फरक जपण्यासाठी हा संकेत जरूर पाळावा.

ओळ तुटते तेव्हा

स्लर एका ओळीच्या शेवटी येऊन दुसऱ्या ओळीत जातो तेव्हा म्यूजस्कोर त्याचे दोन तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र हँडल असतात. पहिला तुकडा शेवटच्या नोटेवर संपल्यासारखा दिसू नये. तो नोट ओलांडून बाररेषेपर्यंत जावा आणि त्याचे टोक हवेत उघडे राहावे, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे काही आहे हे समजते. दुसरा तुकडा क्लेफ आणि की-सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट) यांच्यानंतर, पहिल्या नोटेच्या थोडा आधी सुरू व्हावा. टायलाही हेच लागू आहे. मागच्या ओळीतून टायने आलेल्या नोटेला शार्प किंवा फ्लॅट असेल तर नियमाप्रमाणे तो पुन्हा लिहावा लागत नाही, पण नव्या ओळीत तो कंसात दाखवणे वाचणाऱ्याच्या दृष्टीने उपकारक असते, कारण त्याची नजर त्या क्षणी मागच्या ओळीवर नसते.

हाताने जुळवण्याचे काम सर्वांत शेवटी करावे, याचे खरे कारण इथे स्पष्ट होते. हँडल हलवल्यावर प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या गणिताने आलेल्या जागेपासून किती हलवले, ते अंतर जपून ठेवतो. नंतर आपण कागद ए४ ऐवजी दुसरा घेतला किंवा ओळीतले बार बदलले की ती मूळ जागा बदलते, पण आपण दिलेले अंतर तसेच लागू होत राहते; एके काळी अचूक असलेली जुळणी आता चूक होते. म्हणून आधी सगळ्या नोटा, शब्द आणि खुणा पूर्ण कराव्यात. मग कागदाचा आणि स्टाफचा आकार ठरवावा. मग ओळी पक्क्या कराव्यात, म्हणजे बाररेषा निवडून एंटर दाबून ओळ तोडावी आणि कंट्रोलसह एंटर दाबून पान तोडावे. आणि त्यानंतरच, पेज व्ह्यूमध्ये, कमानींकडे वळावे. सलग एका ओळीत दिसणाऱ्या कन्टिन्युअस व्ह्यूमध्ये कमानी सुधारण्यात काही हशील नाही, कारण तिथे ओळी तुटतच नाहीत.

पुनरावृत्तीच्या खुणांपाशी टाय हा एक खास पेच आहे. दुसऱ्या एंडिंगची (दुसऱ्या वेळी वाजणाऱ्या निराळ्या शेवटाची) पहिली नोट पुनरावृत्तीच्या आधीच्या नोटेशी टायने जोडलेली असते, पण कागदावर या दोघींच्या मध्ये पहिले एंडिंग येते. ४ या मालिकेच्या नव्या आवृत्त्यांत यासाठी मागून येणारा अर्धा टाय मिळतो. जुनी आवृत्ती वापरणारे दुसऱ्या एंडिंगच्या नोटेपाशी एक स्लर घालून, त्याचे डावे टोक हाताने मागे ओढून ती आकृती उभी करत असत. अशी जुनी फाइल मिळाली तर तो स्लर काढून खरा अर्धा टाय घालावा.

पियानोत दोन स्टाफमधून जाणारा स्लर खालून सुरू होऊन वर संपतो तेव्हा साधी कमान नोटांवरून कापत जाते. अशा एखाद्या जागी एक खांदा वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला नेऊन कमानीला नागमोडी करावे लागते. हे काम हातानेच होते आणि त्याला वेळ लागतो. अर्धा तास एका स्लरवर गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

छापून पाहणे

पडद्यावर मोठे करून पाहिलेल्या कमानी आणि कागदावर हातभर अंतरावरून दिसणाऱ्या कमानी यांत फार फरक असतो. पीडीएफ काढून एक पान खऱ्या आकारात छापावे, ते स्टँडवर ठेवावे आणि वाद्य हातात घेऊन किंवा नुसते उभे राहून वाचून पाहावे. कुठली कमान शब्दांना किंवा पियानो-फोर्टेच्या (हळू-जोरात सांगणाऱ्या) अक्षरांना भिडते, कुठली इतकी चपटी आहे की ती स्टाफचीच सहावी रेषा वाटते, कुठे लांब स्लरचे मधले पोट वरच्या स्टाफच्या खालच्या नोटांत शिरते, या गोष्टी तिथे लगेच दिसतात. शेवटच्या दोषावर कमान दाबून चपटी करण्यापेक्षा दोन स्टाफमधले अंतर वाढवणे बरे. पेन्सिलीने खुणा करून मगच संगणकाकडे परतावे आणि खुणा केलेल्याच कमानी हलवाव्यात.

वेगवेगळ्या वाद्यांचे पार्ट काढायचे असतील तर प्रत्येक पार्ट स्वतंत्र उघडून पाहावा. पार्टमध्ये ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, त्यामुळे स्कोअरमध्ये अखंड असलेला स्लर पार्टमध्ये दोन तुकड्यांत विभागलेला असू शकतो आणि वादकासमोर शेवटी तोच कागद असतो. पान उलटण्याच्या जागी स्लर किंवा टाय मध्येच तुटत असेल तर पानाची तोड एक-दोन बार मागे घ्यावी, म्हणजे व्हायोलिनवादकाला एक बो चालू असताना हात पानाकडे न्यावा लागत नाही.